सेल्फ-क्लीननंतर ओव्हनचं दार अडकलं? हँडल ओढण्याआधी या क्रमाने तपासा

दिवाळीचा आठवडा, परातीत नानकटाईचं पीठ मळून ठेवलेलं, आणि ओव्हनचं दार काही केल्या उघडेना. आदल्या रात्री नऊ वाजता मी ओव्हन सेल्फ-क्लीनला लावून झोपले होते. सकाळी पाहिलं तर घड्याळाचे आकडे गायब, पंखा बंद आणि दार घट्ट. हँडल दोनदा जोरात ओढलं. तिसऱ्यांदा ओढताना दाराच्या वरच्या कडेला करकर झाली, तेव्हा हात मागे घेतला. ते पीठ शेवटी डब्यात भरून बेकरीत नेलं आणि आमच्या लहानपणी पार्ल्यात सगळे करायचे तसं भट्टीत भाजून आणलं. ओव्हन उघडायला मात्र आणखी दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून मी जे पाहिलं आणि नंतर आमच्याच इमारतीतल्या दोन घरांत हाच प्रकार निस्तरताना जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. रीडेव्हलपमेंटच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने मॉड्युलर किचनसोबत बिल्ट-इन ओव्हन बसवून दिलेला असतो, माहितीपुस्तक कुठल्या तरी खणात जातं आणि अडचण आली की विचारायचं कोणाला, हेच कळत नाही.

एक गोष्ट मनात पक्की करा. अडकलेलं दार बहुतेक वेळा मोडलेलं नसतं. ओव्हनला तीन गोष्टींची खात्री पटली की तो दार सोडतो: आतली उष्णता उतरली आहे, कुलपाच्या मोटरला वीज मिळते आहे आणि दारात अडकणारी कुलपाची खिटी नेमकी कुठे आहे हे कळवणारा छोटा स्विच बरोबर सांगतो आहे. तपासणीही याच क्रमाने करायची.

तुमचा ओव्हन कोणत्या प्रकारचा आहे?

ओट्यावर ठेवायच्या ओटीजीत सेल्फ-क्लीनची सोय नसते. बिल्ट-इन ओव्हनमध्येही पुष्कळदा फक्त पाणी घालून वाफेने सैल करायची सफाई असते. त्यात तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं आणि दाराला कुलूप लागत नाही. तसल्या ओव्हनचं दार अडकलं असेल तर बिजागरी, आतून पुढे सरकलेला ट्रे किंवा दाराच्या कडेला सुकून चिकटलेलं तूप-साखर तपासा. हा लेख पायरोलिटिक सफाईच्या ओव्हनबद्दल आहे. त्यात आतलं तापमान ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, भिंतींवरचं तेल-तूप जळून त्याची राख होते, आणि एवढ्या उष्णतेत कोणी दार उघडू नये म्हणून वरच्या पट्टीतून एक धातूची खिटी येऊन दारात अडकते.

पहिलं काम: थांबणं

सफाईला मॉडेलप्रमाणे दीड ते तीन-चार तास लागतात. पडद्यावरचा वेळ शून्यावर आला म्हणजे दार उघडणार, असं आपण धरून चालतो. पण शून्याचा अर्थ फक्त हीटर बंद झाला एवढाच. त्यानंतर आतलं तापमान साधारण २५० ते ३०० अंशांच्या खाली यावं लागतं. काही कंपन्यांचे ओव्हन याहूनही जास्त निवेपर्यंत थांबतात. त्यात तास-दीड तास सहज जातो. मे महिन्यातली दुपार, खिडक्या बंद, शेजारी गॅसवर कुकर, अशा स्वयंपाकघरात आणखी जास्त.

या काळात ओव्हनच्या वरच्या फटीतून गरम हवा फेकणारा पंखा चालू असतो. त्याची घरघर ऐकू येत असेल तर ओव्हन आपलं काम करतो आहे, त्याला करू द्या. मेन स्विच बंद करू नका, कारण पंखा थांबला की उष्णता आतच कोंडते आणि वरच्या बाजूला असलेलं कुलूप व सर्किट तापतं. काचेवर गार पाणी मारणं किंवा ओलं फडकं लावणं तर अजिबात नको. ही कडक केलेली काच असते, अचानक गार पडली तर तिचे क्षणात बारीक तुकडे होतात.

सफाई संपल्यापासून निदान तीन तास जाऊ द्या. मग तळहात काचेपासून वीतभर अंतरावर धरा. ऊब जाणवत नसेल तरच पुढे जा.

लाइट आहे का?

ओव्हनच्या घड्याळाकडे पाहा. आकडे दिसत असतील तर पुढच्या भागाकडे चला. पडदा काळा असेल तर घरातल्या डीबीपाशी, म्हणजे मुख्य स्विचांच्या पेटीपाशी जा. ओव्हन चालू असताना तीन ते साडेतीन किलोवॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर १३ ते १५ अँपिअर, आणि तेही सलग काही तास. १६ अँपिअरच्या लाइनवर त्याच वेळी गीझर किंवा मायक्रोवेव्ह लावला की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. खिटी हलवणारी मोटर विजेवर चालते. वीज गेली त्या क्षणी ती जिथे होती तिथेच राहते, म्हणजे बंद स्थितीत.

एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करा. लगेच पुन्हा पडला तर पुन्हा पुन्हा चढवत बसू नका, वायरमनला बोलवा. एमसीबी जागेवर आहे पण ईएलसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला असेल, तर कारण बहुधा दमटपणाचं असतं. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

ओव्हनच्या पॉवर प्लगपर्यंत हात पोहोचत असेल तर मेन बंद करून तो काढून पाहा. पिना काळ्या पडल्यात किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय का? सैल बसलेली पिन एरवी चालून जाते, पण तासन्‌तास पूर्ण भार घेताना तापते आणि संपर्क तुटतो. असं दिसलं तर सॉकेट बदलल्याशिवाय ओव्हन चालवू नका.

सफाई सुरू असताना अख्ख्या वस्तीचीच लाइट गेली तर? मुंबईत हे क्वचित होतं, पण होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास शहर आणि उपनगरांतली वीज गेली, तेव्हा लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा वेळी ओव्हनला हात लावू नका. लाइट परत आली की बरेचसे ओव्हन उरलेली सफाई करत नाहीत, निवले की दार सोडतात. फक्त एक अट असते: पडद्यावर ०:०० किंवा १२:०० लुकलुकत असेल तर आधी घड्याळ लावावं लागतं. घड्याळ लावेपर्यंत कितीतरी मॉडेल दुसऱ्या कुठल्याच बटणाला दाद देत नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा ओव्हन दीड दिवस बंद होता तो एवढ्याचसाठी. घड्याळ लावलं, आत घर्रर्र झालं, टक्‌ वाजलं आणि दार सुटलं.

तो आवाज लक्षात ठेवा. मोटर फिरते ती घरघर आणि खिटी जागेवर जाते ती टक्‌. पुढच्या प्रत्येक पायरीला कान तिकडेच हवा.

कुलपाचं चिन्ह दिसतंय, पण ते कोणतं?

पडद्यावरचं कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह दोन गोष्टींचं असू शकतं: दार बंद असल्याचं किंवा चाइल्ड लॉकचं. चाइल्ड लॉक लागलेलं असेल तर बटणं काम करत नाहीत आणि आपल्याला वाटतं दारच अडकलं. ज्या बटणाजवळ किल्ली छापलेली आहे ते तीन ते पाच सेकंद दाबून धरा. पुसताना फडक्याने हे बटण दाबलं जाणं अगदी सहज होतं.

आता रीसेट

ओव्हन गार आहे, वीज आहे, चाइल्ड लॉक नाही, तरी दार बंद. मग असं करा.

नॉब शून्यावर आणा आणि रद्द करायचं बटण दाबा. काही ओव्हनमध्ये नॉब सफाईच्या खुणेवर राहिला असेल तर सर्किट सफाई चालूच आहे असं धरतं. यानंतर दोन मिनिटं थांबा.

जमलं नाही तर ओव्हनचा एमसीबी खाली करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. पाच सेकंदांत खाली-वर करून काही होत नाही, सर्किटमधली साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. एमसीबी वर करताना घरातल्या दुसऱ्या कोणाला ओव्हनपाशी उभं करा. चालू होताच कित्येक ओव्हन खिटी कुठे आहे ते तपासायला मोटर एकदा फिरवतात. त्याच क्षणी त्या व्यक्तीने दोन्ही तळहातांनी दार आतल्या बाजूला हलकेच दाबायचं. यामागे साधं कारण आहे. दाराच्या कडेला काचतंतूंची गोल दोरी असते, ती उष्णतेने फुगते आणि दाराला बाहेर ढकलते. त्या ताणाने खिटी दाराच्या खाचेत रुतून बसते आणि छोट्या मोटरला ती ओढवत नाही. दार आत दाबलं की ताण सुटतो. हँडल बाहेर ओढल्याने नेमकं उलट होतं, खिटी अजून घट्ट बसते.

तरीही नाही उघडलं तर सफाई पुन्हा सुरू करा, एक मिनिटभरच, आणि रद्द करा. खिटी आधी पूर्ण बंद स्थितीत जाते, मग पूर्ण उघड्या स्थितीत येते. अर्ध्या वाटेत थबकलेल्या खिटीला हा पूर्ण फेरा मिळाला की ती जागेवर येते. हे करताना ओव्हनसमोरून हलू नका, कारण रद्द करायचं विसरलात तर पुन्हा ५०० अंशांची तयारी सुरू होईल. आणि हा प्रयोग दोनदाच.

पडद्यावर एफ किंवा ई अक्षरापुढे आकडा येत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. रीसेट केल्यावर तो निघून जातो आणि मेकॅनिकला तोच हवा असतो. आकड्यांचे अर्थ कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या ओव्हनचा अर्थ आपल्याला लावू नका.

ओव्हन पूर्ण मेला असेल तर कपाट पाहा

माझ्याकडे हेच झालं होतं. डीबी ठीक, सॉकेटला वीज, ओव्हन मात्र ठार बंद. मेकॅनिकने ओव्हनकडे नंतर पाहिलं. आधी शेजारचा खण पूर्ण बाहेर काढला आणि मोबाइलच्या टॉर्चने ओव्हनच्या पाठीमागे पाहिलं. मागे प्लायची अखंड पाठ होती, वर प्लायचा अखंड फळा, खाली पट्टी बंद. सुतारकाम नीटनेटकं, एक फट नाही. त्याने मला हात आत घालायला लावला. दुपारचे बारा वाजले होते, ओव्हन दोन दिवस बंद होता, आणि तरी कपाटाच्या त्या पोकळीतली हवा स्वयंपाकघरापेक्षा उबदार आणि कोंदट होती. प्लायच्या आतल्या अंगाला वरच्या कोपऱ्यात तपकिरी झाक आली होती.

बिल्ट-इन ओव्हन खालून गार हवा घेतो आणि दारावरच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकतो. मागे पोकळी नसेल, खालून हवा येत नसेल, तर पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो. एरवीच्या दोनशे अंशांच्या केकला हे निभतं. सफाईच्या ५०० अंशांना निभत नाही. मग ओव्हनच्या वर किंवा पाठीमागे असलेला थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की उडणारा सुरक्षा-स्विच, वीज तोडतो. रुपयाच्या नाण्याएवढा भाग, पण तो आपलं काम चोख करतो. वीज तुटली की मोटर मेली, मोटर मेली की दार बंद.

काही कटआउटला मधोमध छोटं बटण असतं, दाबलं की पूर्ववत होतो. काही एकदाच उडतात आणि बदलावे लागतात. दोन्हींपर्यंत पोहोचायला ओव्हन बाहेर काढावा लागतो, तेव्हा हे काम मेकॅनिकचं. कोणी 'डायरेक्ट करून देतो' म्हणालं तर ठाम नाही म्हणा. कटआउट वगळून जोडलेला ओव्हन पुढच्या सफाईत थांबायचं कुठे ते जाणणार नाही, आणि भोवती लाकूडच आहे.

सुतारालाही बोलवा. पाठीचा प्लाय कापून काढायचा, ओव्हनखालच्या फळ्यात मागच्या बाजूने फट ठेवायची आणि तळपट्टीत जाळी बसवायची. फटीचं नेमकं माप तुमच्या ओव्हनच्या माहितीपुस्तकात आकृतीसह असतं, ते सुतारापुढे ठेवा. हे न करता नुसता कटआउट बदलला तर तो पुन्हा उडेल.

आकडे दिसतात, ओव्हन गार आहे, तरी दार सोडत नाही

इथे संशय दोघांवर. एक म्हणजे तापमान सांगणारा सेन्सर, ओव्हनच्या आत मागच्या भिंतीतून डोकावणारी पेन्सिलपेक्षा बारीक धातूची कांडी. पुष्कळ ओव्हनमध्ये ती पीटी-१००० प्रकारची असते. तिचा रोध शून्य अंशाला १००० ओहम आणि आपल्या ३० अंशांच्या खोलीत साधारण १११७ ओहम. तापमान वाढतं तसा रोध वाढतो. आता तिची तार कुठे तुटली किंवा जोड सुटला, तर सर्किटला रोध अमर्याद दिसतो, म्हणजे तापमान भयंकर दिसतं. आत ओव्हन थंडगार असताना सर्किट समजतं की भट्टी पेटलेली आहे, आणि दार धरून ठेवतं. मेकॅनिक रोध मोजायचा मल्टिमीटर लावून हे दोन मिनिटांत सांगू शकतो. दादर, माहीम, वर्सोव्याच्या समुद्राकडच्या घरांत जोडांवर हिरवट क्षार धरतो. तो साफ केल्यावरसुद्धा काही वेळा काम भागतं.

दुसरा संशय खिटीशेजारच्या मायक्रोस्विचवर, म्हणजे खिटीची जागा कळवणाऱ्या त्या छोट्या स्विचवर. खिटी सुटलेली असते पण स्विच 'बंद' असंच सांगत राहतो, किंवा घरघर चालू राहते आणि टक्‌ येतच नाही. स्विच वेगळा मिळाला तर उत्तम. नाहीतर अख्खं लॉक मोटरसकट बदलतात.

हाताने खिटी सोडवणं

हे शेवटी, आणि तीन अटींवर: ओव्हन पूर्ण गार, एमसीबी खाली, आणि ओव्हन वॉरंटीत नाही.

एक अडचण आधीच सांगते. बिल्ट-इन ओव्हन कपाटाला ज्या दोन किंवा चार स्क्रूंनी बांधलेला असतो ते बहुतेक मॉडेलांत दाराच्या आडच असतात. दार बंद असताना ओव्हन पुढे ओढता येत नाही, म्हणून तसा प्रयत्न करून कपाट खिळखिळं करू नका.

आमच्याकडे मेकॅनिकने असं केलं. आधी दार आणि वरची पट्टी यांच्यामधल्या फटीत टॉर्च धरून खिटी शोधली. ती सहसा मधोमध किंवा थोडी एका बाजूला असते. दिसायला आकड्यासारखी, करंगळीच्या नखाएवढी रुंद. मग त्याने दीड वितेची तार घेतली, टोकाला चिमट्याने काटकोनात वाकवली आणि पट्टीच्या कडेला मास्किंग टेप लावला, चरे पडू नयेत म्हणून. मला म्हणाला, "ताई, दार आत दाबून धरा, सोडू नका." मी दाबलं. त्याने तार खिटीच्या मागे घातली आणि आडवी, अगदी सावकाश सरकवली. काही क्षण काहीच झालं नाही, मग टक्‌. हँडल ओढावंसुद्धा लागलं नाही.

हे जमतं ते खिटी मोकळी फिरणारी असेल तर. मोटरच्या दातेरी चाकांत ती घट्ट धरलेली असेल तर तार वाकेल, खिटी हलणार नाही. तिथे थांबायचं. मग मेकॅनिक ओव्हनवरचं कपाट किंवा फळा काढून वरून मोटरपर्यंत जातो. स्क्रूड्रायव्हर फटीत घालून दार उचकटायचा मोह टाळा. काचेच्या कडेवर लागलेला छोटासा टवकाही अख्खी काच फोडतो.

फोनवर मेकॅनिकला मॉडेल नंबर सांगा, म्हणजे तो सुटा भाग घेऊनच येईल. नंबराची पट्टी दाराच्या आड असते आणि दार बंद आहे, म्हणून तो बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर शोधा. कोड, मोटरचा आवाज येतो की नाही, पंखा फिरतो की नाही, एवढं सांगितलं की एक फेरी वाचते.

उघडल्यावर आणि पुढच्या सफाईआधी

दार उघडलं की लगेच बंद करू नका. राख ओल्या फडक्याने टिपून घ्या. खिटीची खाच कोरड्या ब्रशने साफ करा, तिथे तेल किंवा ग्रीस लावू नका, ते पुढच्या सफाईत जळून गोंदासारखं बसतं. कडेची दोरी घासू नका, ती दबली तर उष्णता वर कुलपाकडे जाते. आता तो मॉडेल नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

सफाई लावण्याआधी जाळ्या, ट्रे, फॉइल सगळं बाहेर काढा आणि तळाशी साठलेलं तूप कागदाने टिपा, नाहीतर धूर होतो. नॉनस्टिक भांडं आत राहिलं तर त्याच्या थराचा वायू पक्ष्यांना जिवावर बेततो. घरात लव्हबर्ड किंवा पोपट असेल तर पिंजरा त्या दिवशी दुसऱ्या घरी नेऊन ठेवा, नुसता दुसऱ्या खोलीत पुरत नाही. खिडक्या उघड्या, चिमणी चालू, लहान मुलं लांब. आणि रात्री झोपताना लावू नका, मी तीच चूक केली. सकाळी लावा, म्हणजे तुम्ही जागे असताना ती संपेल. गणपती, दिवाळी, नाताळच्या आदल्या दिवशी तर नकोच, सण झाल्यावर करा.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. जून ते सप्टेंबर ओव्हन फारसा लावला गेला नाही की हीटरच्या नळीतली पांढरी पूड हवेतला ओलावा शोषते, आणि एकदम सफाई लावली की गळती होऊन ईएलसीबी पडतो, तोही दार बंद झाल्यावर. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सफाईआधी, दोन दिवस रोज अर्धा तास, रिकामा ओव्हन १०० ते १५० अंशांवर चालवा. पहिल्या दिवशी काचेवर आतून धुकं धरलेलं दिसेल, दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. त्यानंतर सफाई लावा.